एकत्र जेवायला बसतो, पण बोलत कुणीच नाही. तुमच्याकडे कसं असतं?

रानवारा
बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच.

घरात आम्ही पाच जण. मी, नवरा, सासूबाई, नऊ वर्षांची लेक आणि चार वर्षांचा मुलगा. नवऱ्याची पाळीची नोकरी, आठवडा बदलला की त्याची वेळ बदलते. त्यामुळे जो तो सवडीने जेवायचा. धाकटा टीव्हीसमोर, लेक टॅबलेट घेऊन, सासूबाई लवकर, आणि मी सगळ्यांचं आवरल्यावर ओट्यापाशी उभ्याने. दोन महिन्यांपूर्वी ठरवलं की आता बास. रात्री सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि फोन-टीव्ही बंद ठेवायचा.

बसतो खरे. पण जेवण म्हणजे तोंडी परीक्षा होऊन बसली आहे. "शाळेत काय झालं आज?" "काही नाही." "डबा संपवलास?" "हो." की पुन्हा शांतता. धाकटा दहा मिनिटांत उठून पळतो आणि सासूबाई घास घेऊन त्याच्यामागे. नवरा घरी असेल त्या आठवड्यात दमलेला असतो, तो मान खाली घालून जेवतो. परवा लेक म्हणाली, "आई, आपण पूर्वीसारखं वेगवेगळं जेवलो तर चालेल का?" फार लागलं मनाला.

तुमच्या घरी काय चालतं? सुट्टीतले मोठे बेत नकोत. रोजच्या दिवसात, दमलेल्या संध्याकाळी मुलांसोबत काय करता, जे खरंच टिकलं, ते सांगा.

चांदणचुरा
वाचतेय. आमच्याकडेही "काही नाही" हेच उत्तर आहे.

निवांत_बाबा
रानवारा, लेकीचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. तिला तुमच्यासोबत बसायला नको असेल असं मला वाटत नाही. रोज उत्तरं देणं नको असेल.

आमच्याकडे मी प्रश्न विचारणंच थांबवलं आणि आधी स्वतःचं सांगायला लागलो. तेही मोठं काही नाही. "आज एका माणसाचं नाव विसरलो आणि पूर्ण दहा मिनिटं त्याला नावाशिवाय बोलवत राहिलो." मुलगा सात वर्षांचा आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने आपणहून विचारलं, "मग कळलं का त्याला?" तिथून त्याची गाडी सुरू झाली.

आता आम्ही 'खोटं ओळखा' खेळतो. प्रत्येकाने दिवसातल्या तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या, एक खोटी. बाकीच्यांनी खोटी पकडायची. एकदा तो म्हणाला, "वर्गात बेडूक आला." आम्ही दोघांनी ठामपणे खोटं ठरवलं, आणि बेडूक खरा निघाला! त्या बेडकाच्या निमित्ताने वर्गात कोण घाबरलं, कोण बाकावर चढलं, बाईंनी त्याला कशात धरून बाहेर सोडलं, सगळं कळलं. "शाळेत काय झालं" असं विचारून यातलं एक अक्षर बाहेर आलं नसतं.

पानोपानी
मी आहारतज्ज्ञ आहे, लहान मुलांच्या खाण्याच्या तक्रारी रोज ऐकते. दोन गोष्टी सांगते.

पहिली, चार वर्षांचं मूल दहा-पंधरा मिनिटं बसलं तर ते पुरेसं आहे. त्याचं झालं की त्याला उठू द्या. पण पळणाऱ्या मुलाच्या तोंडात घास घालणं आजपासून बंद करा, कृपया. पळताना, हसताना, रडताना घास श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. या वयाला अख्खी द्राक्षं आणि अख्खे दाणेही देऊ नका. द्राक्षांचे उभे चार तुकडे करा.

दुसरी, एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी कामाची एक सोपी वाटणी मांडली आहे. काय वाढायचं, किती वाजता आणि कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. वाढलेल्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने. दोघांनी एकमेकांच्या कामात हात घालायचा नाही. जेवणावरची निम्मी भांडणं इथे मिटतात, हा माझा अनुभव आहे. "अजून दोन घास", "हे संपव मग ते मिळेल" या वाक्यांनी मुलाचं लक्ष भुकेवरून उडून आपल्या चेहऱ्यावर जातं.

आजी_दोन_नातवंडांची
पानोपानी, तुमचा अभ्यास आहे, मान्य. पण मुलावर सोडलं तर आमचा नातू फक्त भात खाईल आणि भाजीकडे बघणारसुद्धा नाही. आणि ताटात टाकलेलं अन्न मला बघवत नाही. आमच्या सासूबाई ताट चाटून-पुसून स्वच्छ झाल्याशिवाय कुणाला उठू देत नसत. आम्ही सगळे धडधाकट वाढलो.

पानोपानी
आजी, अन्न टाकू नये हे तुमचं अगदी बरोबर. म्हणून वाढतानाच कमी वाढायचं. चार वर्षांच्या मुलाला भाजी एक चमचा. हवी असेल तर तो पुन्हा मागेल. पुढची पायरी म्हणजे वाढायचं भांडं मध्ये ठेवून त्यालाच घेऊ द्यायचं. स्वतःच्या हाताने घेतलेलं मुलं सहसा टाकत नाहीत.

आणि भाजी नाकारणं हा हट्ट असेलच असं नाही. साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची भीती सगळ्यात जास्त असते. एखादी चव पटायला मुलाला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर दिसावी लागते. आपण तिसऱ्या वेळेला "याला आवडत नाही" म्हणून सोडून देतो. चमचाभर वाढत राहा, काही बोलू नका, स्वतः आवडीने खा. बाकी काम काळ करतो.

आजी_दोन_नातवंडांची
एक चमचा वाढून बघते. न बोलणं मात्र जड जाईल.

गणितवेडा
वाढण्यावरून आठवलं. आमच्याकडे दोन मुली, पाच आणि आठ. रसाच्या पेल्यावरून रोज रडारड. मी दोघींना मापून समान द्यायचो, तरी धाकटी म्हणायची, "ताईला जास्त!" नंतर लक्षात आलं की ताईचा पेला उंच आणि अरुंद होता. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांसमोर अगदी हाच प्रयोग केला होता. साधारण सात वर्षांच्या आतल्या मुलाला उंच पेल्यातलं पाणी जास्तच वाटतं, त्याच्या डोळ्यांसमोर एकातून दुसऱ्यात ओतलं तरी. म्हणजे धाकटी खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं दिसत होतं. तिला मी कितीदा रागावलो होतो, त्याचं वाईट वाटलं. एकसारखे दोन पेले आणले, रडारड संपली.

खाऊच्या वाटणीला आम्ही 'एकीने कापायचं, दुसरीने निवडायचं' हा नियम लावला आहे. कापणारी इतकी काळजीपूर्वक मापते की फूटपट्टी मागते.

सोंगटी
@गणितवेडा, आमच्याकडे तीन आहेत. तिघांत कसं करायचं?

गणितवेडा
तिथेच खरी मजा आहे! ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञांनी 1948 मध्ये न्याय्य वाटणीच्या याच प्रश्नावर लेख लिहिला होता. घरगुती उपाय सांगतो. दोघांनी आधी 'एक कापेल, दुसरा निवडेल' करायचं. मग प्रत्येकाने आपल्या वाट्याचे तीन तुकडे करायचे, आणि तिसऱ्याने दोघांकडून आवडेल तो एकेक उचलायचा. तिघांनाही आपल्याला निदान एक तृतीयांश मिळालं असं वाटतं. तुकडे बारीक होतात, पण भांडायला कारण उरत नाही.

उंबरठा
थोडं वेगळं मत मांडते. रात्रीच्याच जेवणाला एवढं महत्त्व का? मी परिचारिका आहे, रात्रपाळी असते. आमच्या घरी एकत्र जेवण सकाळी साडेसहाला होतं. माझं ते रात्रीचं जेवण, मुलांचा तो नाश्ता. वीस मिनिटं. मुलं ताजीतवानी असतात आणि मीही कामावरून आल्याने बोलण्याच्या लयीत असते. संध्याकाळी सगळे थकलेले, भुकेले आणि चिडलेले असतात. त्या वेळेकडून प्रेमळ गप्पांची अपेक्षा ठेवणं कुणावरही अन्यायच आहे.

रानवारा, तुमच्या यजमानांची पाळी बदलते ना? मग जेवणाची वेळ त्यांच्या पाळीप्रमाणे फिरवा. एका आठवड्यात सकाळी, दुसऱ्यात रात्री. आठवड्यातून तीन दिवस जमलं तरी खूप झालं.

आणखी एक. मुलांसाठी 'वेळ काढणं' मला कधी जमलं नाही. मी मुलांना माझ्या कामात ओढलं. कपड्यांच्या घड्या घालताना मोज्यांच्या जोड्या लावायचं काम मुलाचं, तो तीन वर्षांचा असल्यापासून. वाटाणे सोलायला दोघेही बसतात. हात गुंतलेले असले की तोंड आपोआप सुटतं.

निवांत_बाबा
उंबरठा, कामात ओढणं चांगलंच, पण माझा एवढाच आक्षेप की तेवढ्यावर भागत नाही. मुलांना असाही वेळ हवा असतो ज्यात काही उरकायचं नाही. आमचा मुलगा वाटाणे सोलतानासुद्धा विचारतो, "हे झालं की खेळायचं ना?" माझे वडील मला सगळीकडे सोबत न्यायचे, त्याचं मोल आहेच. पण ते माझ्यासोबत जमिनीवर बसून खेळले, असं मला फक्त एकदा आठवतं. आणि ती एक संध्याकाळ मला आजही जशीच्या तशी दिसते.

उंबरठा
हे वाचून थांबले. खरं आहे तुमचं. आज मुलाला विचारते, त्याला काय खेळायचंय ते.

मधली_सुट्टी
मी प्राथमिक शाळेत शिकवते. 'काही नाही' या उत्तरामागचं कारण सांगू? मुलाचा दिवस म्हणजे शंभर तुकडे असतात. "काय झालं" विचारलं की त्याने नेमका कोणता तुकडा उचलायचा? नेमकं विचारा. "मधल्या सुट्टीत कुणाशेजारी बसलीस?" किंवा "आज सगळ्यात जास्त कोण हसलं?"

जेवतानाच्या गप्पांचं मोल मात्र मोठं आहे. भाषातज्ज्ञ कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांतली जेवणाच्या वेळची संभाषणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासली. गोष्टी सांगत, कारणं समजावत चाललेल्या अशा बोलण्यात मुलांच्या कानावर एरवी क्वचित येणारे शब्द पडतात, आणि त्याचा त्यांच्या पुढच्या शब्दसंपत्तीशी संबंध दिसतो. माझ्या वर्गातही हे जाणवतं. 'उधारी', 'पुरावा', 'गैरसमज' असे शब्द आपल्या वाक्यात सहज वापरणाऱ्या मुलाला विचारलं तर तो सांगतो, "घरी बोलतात."

अजून एक. एमोरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांनी 2001 च्या सुमारास मुलांसाठी वीस प्रश्नांची यादी केली होती. आईबाबा कसे भेटले, तुझं नाव कुठून आलं, आई कुठे वाढली, असे प्रश्न. ज्या मुलांना घरच्या गोष्टी जास्त माहीत, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. पण ड्यूक स्वतःच सांगतात की वीस उत्तरं पाठ करून घेण्याचा उपयोग नाही. त्या गोष्टी वर्षानुवर्षं जेवताना, फिरताना सांगितल्या जातात, खरं काम त्या सांगण्या-ऐकण्यात होतं.

रानवारा, तुमच्याकडे सासूबाई आहेत. त्यांना घास भरवण्याच्या कामातून मोकळं करा आणि गोष्ट सांगण्याचं काम द्या!

धुक्यातली_वाट
एक सांगावंसं वाटतं. 'आईबाबा कसे भेटले' हा प्रश्न सगळ्या घरांत सोपा नसतो. मी एकटी मुलीला वाढवते. शाळेच्या प्रकल्पात हा प्रश्न आला तेव्हा ती रात्रभर गप्प होती. आमच्या जेवणाला दोनच ताटं असतात आणि 'कुटुंब एकत्र जेवतं' अशी चित्रं पाहिली की तिला आपल्याकडे काहीतरी कमी आहे असं वाटतं. या धाग्यावर कुणी मुद्दाम दुखावलेलं नाही, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

मधली_सुट्टी
बरं झालं लिहिलंत. वर्गात मी तो प्रश्न 'तुझ्या घरातल्या मोठ्या माणसाची लहानपणीची एक खोडी' असा करून घेतला आहे. ज्या घरी जी माणसं असतील त्यांचीच गोष्ट. दोन ताटं म्हणजे पूर्ण घर.

आजी_दोन_नातवंडांची
धुक्यातली वाट, बाळा, मी पाच वर्षांची असताना वडील गेले. आई आणि मी, दोनच ताटं होती. आई रोज मला दिवसातली एक गंमत सांगायची. काही गमती ती मनाने रचायची, हे मला पुष्कळ मोठी झाल्यावर कळलं. ती जेवणं मला अजून पुरतात.

धुक्यातली_वाट
आजी, हे मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना अजून एक गंमत सांगायला सांग."

खडूचा_डबा
रोजच्या संध्याकाळी चालेल असं काहीतरी हवंय ना? आमच्याकडे हे टिकलं:

मिठाची कणीक. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी, पाणी थोडं थोडं घालत मळायचं. मुलं त्याचे प्राणी करतात. दोन-तीन दिवस हवेवर वाळले की रंगवायचे. मीठ खूप असतं, त्यामुळे धाकट्यांनी खाऊ नये एवढं बघा. पाळीव प्राणी असेल तर त्यालाही लांब ठेवा.

सावल्या. दिवे घालवून एकच विजेरी लावायची. हात दिव्याजवळ नेला की सावली राक्षसाएवढी, भिंतीजवळ नेला की हाताएवढीच. असं का होतं, हे मुलं स्वतःच हात पुढेमागे करून शोधतात. आपण सांगायची घाई करायची नाही.

कागदाची घडी. साधा कागद निम्म्यात दुमडत जा, सहा-सात घड्यांनंतर तो हट्टाला पेटतो. मग मुलांना सांगायचं की 2002 मध्ये ब्रिटनी गॅलिव्हन या शाळकरी मुलीने लांबच लांब कागद घेऊन बारा घड्या घालून दाखवल्या होत्या, आणि त्यामागचं गणितही मांडलं होतं. आमच्या मुलाने त्यानंतर पूर्ण आठवडा कागद चिकटवून लांब पट्ट्या केल्या. नऊवर पोचला.

सोंगटी
खेळांचा विषय निघालाच आहे तर विचारते. मधला सहा वर्षांचा. हरला की सोंगट्या उधळतो. सापशिडी तर कपाटाच्या वर ठेवून दिली आहे.

गणितवेडा
सापशिडीत कुणाच्याच हातात काही नसतं, सगळं फाशावर. त्यामुळे हरलं की चीड येणारच. काही दिवस सगळे मिळून एका बाजूला असतील असे खेळ खेळा. मोठ्या मुलांसाठी 2008 चा 'पँडेमिक' आहे, त्यात सगळे मिळून रोगाच्या साथींशी लढतात. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. लहानांसाठी 'जेंगा'. त्याचं नाव स्वाहिलीतल्या 'बांधणे' या क्रियापदावरून आलं. ठोकळे 54. आमच्याकडे तो नियम बदलून खेळतो: मनोरा सगळ्यांचा, आणि कालच्यापेक्षा एक मजला जास्त चढवायचा.

उंबरठा
आणि हरणं मोठ्यांनी करून दाखवावं. मी हरले की मोठ्याने म्हणते, "मला खूप राग आलाय, पाणी पिऊन येते." मुलगा आता तेच करतो. पाणी मात्र फार पितो!

चांदणचुरा
एक भीत भीत विचारते. टीव्ही बघत जेवल्याने खरंच एवढं बिघडतं का? माझा तीन वर्षांचा एरवी तोंडच उघडत नाही.

पानोपानी
भिऊ नका, रोज दहा आया हाच प्रश्न विचारतात. पडद्याकडे बघताना तोंड उघडतं, पण पोट भरल्याची खूण मुलाला कळत नाही. चव, वास, रंग यांची ओळखही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. दोन वर्षांच्या आत पडद्यासमोर बसवणं नकोच, आणि दोन ते चार या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका बरा. तो तास जेवणात घालवू नका. आणि एकदम बंदही करू नका. आधी एक जेवण, सगळ्यात कमी घाईचं, पडद्याशिवाय. पहिले तीन-चार दिवस तो कमी खाईल. तेवढा धीर धरा. वजन वाढत नसेल किंवा घास गिळताना त्रास होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

शेवटची_पायरी
इथे सगळी लहान मुलं दिसताहेत. माझा मुलगा पंधराचा. जेवायला बसतो, सात मिनिटांत संपवतो, जातो. वर्षभर मी कुढले. मग लक्षात आलं की रात्री साडेदहाला तो स्वयंपाकघरात काहीतरी खायला शोधत येतो, आणि तेव्हा तो बोलतो. वयात येताना मुलांच्या शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते. आपल्या डोळ्यांवर झापड येते तेव्हा ती उघडायला लागलेली असतात.

म्हणून मी भांडी त्या वेळेसाठी ठेवते. मी धुते, तो पुसतो. एकमेकांकडे बघावं लागत नाही, हे फार महत्त्वाचं आहे. गेल्या महिन्यात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, त्याने सांगितलं की त्याचा सगळ्यात जवळचा मित्र त्याच्याशी दोन महिने बोलत नाहीये. दोन महिने! मी पातेलं धूत राहिले. काही सुचवलं नाही. धुऊन झालं होतं तरी धूत राहिले.

निवांत_बाबा
हा प्रतिसाद जपून ठेवतो. आमचा सातचा आहे, पण पंधरा फार लांब नाही.

रानवारा
तीन आठवड्यांनी परत आले आहे. सगळे प्रतिसाद नवऱ्यालाही वाचायला दिले होते.

पहिला बदल वेळेत केला. त्याच्या दुपारपाळीच्या आठवड्यात आम्ही सकाळी एकत्र बसतो, बाकी रात्री. मागच्या आठवड्यात चार दिवस जमलं, त्याच्या आधी दोनच.

धाकट्याला चमचाभर वाढतो, झालं की तो उठतो. सासूबाईंना पहिल्यांदा फार अवघड गेलं, हात आपोआप घास करायचा. मग मी मधली सुट्टी यांचं ऐकून त्यांना म्हटलं, "आई, तुमच्या लहानपणीची एखादी खोडी सांगा ना." त्या विहिरीत बादली पाडल्याची गोष्ट सांगायला लागल्या. बादली कुणी पाडली हे त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं, आणि मार खाल्ला धाकट्या भावाने. धाकटा पळायला उठला होता, तो अर्ध्या वाटेतून परत आला आणि त्यांच्या मांडीवर बसला. "मग? मामांना खूप लागलं?" त्याने ओळीने सहा दिवस तीच गोष्ट सांगायला लावली. सातव्या दिवशी सासूबाईंनी त्या भावाला फोन लावून साठ वर्षांनी खरं सांगितलं. पलीकडून ते इतके हसले की आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

लेक अजून कमी बोलते. 'खोटं ओळखा' मात्र तिला आवडलं आहे, आणि सगळ्यात पक्कं खोटं तिचे बाबा सांगतात, हा आम्हाला सगळ्यांनाच लागलेला नवा शोध आहे. काल रात्री त्याची पाळी होती, तो नव्हता. ताटं मांडताना तिने चार मांडली, आणि एका कागदावर तीन वाक्यं लिहून कागद बाबांच्या डब्यावर ठेवला. खाली लिहिलं होतं, "यातलं खोटं कोणतं? उत्तर सकाळी."

आजी_दोन_नातवंडांची
मग? ओळखलं का त्यांनी?

रानवारा
नाही! चुकले. सहाला उठून बसली होती ती, उत्तर सांगायला.